आधी टेप, मग पाना!

जुन्या मोटारींच्या शौकिनांवर माझा जाहीर आरोप आहे. त्यांना गाडीचा मुखडा दिसतो, पाय दिसत नाहीत. रंग आरशासारखा, बंपर चांदीसारखा, आणि गाडी मात्र एका अंगावर कलून उभी! नवरदेवाने भरजरी शेला पांघरावा आणि जोडा एकाच पायात घालावा, तसा हा थाट. विचारावे तर उत्तर तयार, "अहो, म्हातारी झाली, बसणारच!"

बसेल, पण एकाच कोपऱ्यात का बसेल? वय काही डाव्या चाकाला वेगळे आणि उजव्याला वेगळे येत नाही. चालकाची बाजू वर्षानुवर्षांच्या ओझ्याने थोडी अधिक दबते, हे कबूल. पण त्यापलीकडे एखादा कोपरा खचला असेल, तर काहीतरी झिजले आहे, तुटले आहे किंवा चुकीचे बसवले आहे. ते शोधण्याऐवजी आपले मिस्त्री काय करतात? पद्मिनीच्या पुढच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचा ठोकळा कोंबतात, मागे एक जादा पाटा घुसवतात. अॅम्बॅसिडरचा टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन भार पेलणारा पोलादी दांडा, आणखी पिळून ठेवतात. गाडी उचलली जाते आणि मालक खूष होतो. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर झटकून ठेवण्यातला हा प्रकार! ठोकळ्याने काही वेटोळी जखडली की उरलेल्यांवर सारा ताण येतो. स्प्रिंग कडक होते आणि एक दिवस तुटते.

"नवे शॉक अॅब्सॉर्बर टाका, गाडी उंच होईल," हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारले त्याला माझा साष्टांग नमस्कार! या गाड्यांचा तेलाचा शॉक अॅब्सॉर्बर वजन पेलतच नाही. स्प्रिंगची डोलणी आवरणे, एवढेच त्याचे काम.

माझे म्हणणे साधे आहे. पान्याला हात लावण्यापूर्वी टेप हातात घ्या. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, सामान काढा, चारही टायरांत ठरलेली हवा भरा. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. तिची चाके आखडलेली असतात. दहा पावले पुढेमागे ढकला, बंपर दोनतीनदा दाबून सोडा. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी माप घ्या. टायरच्या झिजेची भेसळ या मापात येत नाही. मडगार्ड ठोकूनठाकून बसवलेले असेल, तर सांगाड्यावरच्या डाव्याउजव्या सारख्याच जागांपासून जमिनीपर्यंतही मोजा. आकडे कागदावर लिहा.

आता खरी गंमत. पुढची बाजू कललेली दिसली म्हणजे दोष पुढेच असतो असे नाही. मागचे एका बाजूचे पाटे खचले तरी सगळी गाडी कलते. पुढच्या चाकांना ठोकळे लावा आणि मागचा आंस मधोमध जॅकवर उचला. गाडीखाली मात्र शिरू नका. आंस आता मोकळा झुलतो, त्यामुळे मागचे पाटे गाडीला कलवू शकत नाहीत. पुढचा भाग सरळ झाला तर चोर मागे. कललेलाच राहिला तर चोर पुढे. पाच मिनिटांचे काम!

चोर सापडला की स्प्रिंगा जोडीने बदला. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. टॉर्शन बार फिरवायचा तो सगळ्यांत शेवटी, आणि डाव्याउजव्याची अदलाबदल न करता. व्हील अलाइनमेंट आणि दिव्यांची दिशा त्याही नंतर. खचलेल्या गाडीची अलाइनमेंट करून घेणे म्हणजे पाया कललेला असताना खिडक्यांना ओळंबा लावणे.

"पण आपले रस्ते!" असे म्हणून कोणी चार बोटे उंच गाडीची वकिली करील. त्याला माझे उत्तर ऐका. चाकाला वर जायला जागा लागते, तशी खाली जायलाही लागते. उंची वाढवून ती खालची जागा तुम्ही आधीच खर्च केलीत. मग खड्डा आला की चाक अधांतरी, आणि हिसका मागच्या आसनावरच्या आजीच्या कमरेला!

अॅम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पद्मिनीचे तर त्याआधीच संपले होते, आणि तिची टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता उरल्या त्या घरोघरी, वडिलांनी जपलेल्या. त्यांची जागा घ्यायला नव्या येणार नाहीत. यंदा फराळाला बोलावून मला नवा रंग दाखवणाऱ्यांनी तयारीत राहावे. मी एकच विचारणार आहे: चारही चाकांवरचे माप किती?