वरच्या दोन खोल्या

जर्मनीहून आल्यापासून ग्रुपवरचे काका-काकू मागे लागलेत, "अनुभव लिही की गं." लिहिते. पण थंडी किती होती, शाकाहारी मिळतं का, एवढ्यावर भागणार नाही, आणि शेवटी शेवटी काहींना राग येईल. आला तर येऊ दे.

2023 च्या ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत मी बॉनला एक सेमिस्टर केलं. वर्गाचं लगेच सांगून टाकते. तास दहाचा म्हटला की सव्वादहाला सुरू, आणि ते रीतसर, आपल्यासारखं उशिरा येऊन नव्हे. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बाकावर बोटांनी टकटक करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, सरांवर रागावलेत. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी दूध-ब्रेड विसरलं की दुसरा दिवस चहाविना. पाण्याची प्लास्टिकची बाटली दुकानातल्या मशीनमध्ये परत टाकली की 25 सेंट मिळतात. मी महिनाभर कचऱ्यात फेकत होते. कळलं तेव्हा आई फोनवर म्हणाली, "भंगारवाला दारावर येतो ते बरं ने आपलं."

हे सगळं मजेचं. मजेचं नव्हतं ते घर शोधणं.

हॉस्टेलची वेटिंग लिस्ट लांबलचक. तात्पुरत्या खोलीतून मी चाळीसेक मेसेज टाकले असतील, उत्तरं आली सहा. तिथे घर नुसतं डोकं टेकायला लागत नाही. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र हवं. पत्ता नाही तर पुढची निम्मी कामं अडतात. व्हिसासाठी बँकेत ठेवलेल्या पैशातून महिन्याला 934 युरो सुटायचे, त्यातच भाडं, जेवण, सगळं. बाबांनी ती रक्कम कशी उभी केली ते मी पाहिलं होतं, म्हणून रोज रात्री हिशेब करून झोप उडायची.

एका बाईंनी फोनवर आडनाव दोनदा विचारलं, मग स्पेलिंग विचारलं, मग म्हणाल्या, "खोली गेली." अर्ध्या तासाने वर्गातल्या एका जर्मन मुलीने आपल्या नावाने फोन केला. तिला गुरुवारी बघायला बोलावलं. मैत्रीण संतापली. तिथे 2006 पासून कायदा आहे, वंश बघून घर नाकारता येत नाही, तक्रार करू म्हणाली. मी नको म्हटलं. परक्या देशात आल्या आल्या भांडण कुठे करा! पण त्या रात्री आईला फोनवर सांगताना मला रडू फुटलं. आई भडकली, "माणसं आहेत की कोण? नावावरून माणूस कळतो का?" बाबांनी फोन घेतला आणि ते तिच्याहून जास्त बोलले.

शेवटी ऱ्हाइनच्या पलीकडे, बॉयेल भागात खोली मिळाली. तिघांचं घर, मी चौथी. आधी स्वयंपाकघरात बसवून मुलाखत घेतली. काय शिकतेस, रात्री किती वाजता झोपतेस, संडास-बाथरूम धुण्याची पाळी चुकवशील का, स्वयंपाकाला काय करतेस. मी म्हटलं, वरणभात. करून दाखव म्हणाले. कुकर नव्हता, डाळ शिजायला तास लागला, हिंग माझ्याकडे होता म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी किल्ली मिळाली. (याच बॉयेलच्या धोबिणींनी 1824 मध्ये कार्निव्हलात बायकांचा दिवस सुरू केला. मी होते तेव्हा बरोबर 200 वर्षं झाली होती. त्या दिवशी बायका दिसेल त्या पुरुषाचा टाय कात्रीने कापतात. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

डिसेंबरातली गोष्ट. आम्ही चौघं टेबलाशी बसलो होतो आणि आईचा व्हिडिओ कॉल आला. घरच्या गप्पा चालल्या होत्या. आमच्या दांडिया बाजारच्या घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. आई सांगत होती, "एक मुलगा येऊन गेला बघायला. बँकेत आहे, बोलायला इतका चांगला! अगाशी बघून खूश झाला. पण आडनाव विचारलं तर… तुझे बाबा म्हणाले, भाचा येणारे राहायला."

मला कुठलाही भाचा आठवेना.

फोन ठेवल्यावर घरातल्या मुलाने सहज विचारलं, आई काय म्हणत होती? मी खोटं बोलू शकले असते. का कोण जाणे, खरं सांगितलं. त्याने विचारलं, "पण आडनावावरून काय कळतं?" मी समजावायला लागले आणि दोन वाक्यांत थांबले. फोनवरच्या त्या बाईंचा सगळा राग माझ्या घशात अडकला.

आता आपल्या बडोद्याबद्दल. दर 14 एप्रिलला या ग्रुपवर पोस्ट फिरते: सयाजीरावांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली. खरंच दिली. 1913 मध्ये, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, कोलंबिया विद्यापीठासाठी. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो आणि वाटावाच. पण ती पोस्ट न्यूयॉर्कला जाऊन थांबते. 1917 मध्ये ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्यात परत आले तेव्हा त्यांना या शहरात खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. ज्या मित्रांकडे आसरा मागितला त्यांनीही टाळलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून होते. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये. पुढे 1921 मध्ये त्यांनी ज्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं, तिथेच मी होते. मी लहानपणापासून कमाटी बागेत जाते. माकडं पाहिली, छोट्या गाडीत बसले, नंतर बाहेर शेव उसळ खाल्ली. हे मला घरात कोणी सांगितलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण सगळे पोरांना बाहेर पाठवायला धडपडतोय. कर्ज काढतोय, सोनं गहाण ठेवतोय. तिथे कोणी आपल्या पोराला नावावरून हाकललं तर ग्रुपवर दोनशे संतापलेले मेसेज येतात. आणि त्याच ग्रुपवर आठवड्याला एक जाहिरात असते: "दोन खोल्या भाड्याने, फक्त आपल्यातलेच." कोणी काही बोलत नाही. मीही बोलले नव्हते. "आमचं घर आहे, आम्ही ठरवू," असं एक काका मला समोर म्हणाले. ती बॉनची बाईही हेच म्हणाली असती. मांसाहाराचं कारण सांगणाऱ्यांना विचारते, माझ्या तिन्ही घरसोबत्यांनी माझ्यासाठी वेगळा तवा ठेवला होता. आपण विचारून तरी बघितलं का कोणाला?

परत आल्यावर घरी मोठं भांडण झालं. बाबा तीन दिवस नीट बोलले नाहीत. "तू सहा महिने राहून आम्हाला शिकवणार?" म्हणाले. त्यात तथ्य आहे. मी शिकून आले ते तिथल्या बाईंकडून, विद्यापीठातून नव्हे.

खोल्या अजून रिकाम्याच आहेत. भाचा आलेला नाही. मागच्या रविवारी मी दारावर मराठी-गुजरातीत पाटी लावली, "जागा भाड्याने देणे आहे," खाली नुसता फोन नंबर. बाबांनी ती काढली नाही. परवा एकाचा फोन आला. बाबांनी नाव विचारलं, भाडं सांगितलं, पाण्याची मोटर सकाळी सहाला लावावी लागते तेही सांगितलं. आडनाव विचारलं का, ते मला स्वयंपाकघरातून ऐकू आलं नाही. उद्या तो बघायला येणार आहे.