आधी मालकी, मग परवानगी

लिनक्स प्रणालीत प्रत्येक फाईलला मालक असतो. अनेकांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या संगणकावर एका चुकीच्या आज्ञेने प्रणालीच्या फाईलींचा मालक बदलला, तर काय होईल? मालक ‘रूट’ नसेल, तर ‘सुडो’ ही आज्ञावली कामच नाकारते. अशा वेळी घाईने सर्वांना ७७७ ही मुक्त परवानगी देणे म्हणजे कुलूप बिघडले म्हणून दारच काढून टाकणे होय! आरपीएम व्यवस्थेत तिने बसविलेल्या फाईलींची मूळ मालकी व परवानगी नोंदलेली असते. तिच्या आधारे आधी मालकी, मग परवानगी पूर्ववत करावी. कारण मालकी बदलताना काही खास परवानग्या पुसल्या जातात. ग्राहकांच्या फाईली मात्र या नोंदीत नसतात. म्हणून माझे मत असे, की दुरुस्तीच्या कौशल्याइतकीच नोंद ठेवण्याची सवय शाळेच्या प्रयोगवहीपासूनच लागली पाहिजे.