मॉस्कोचे वळण, हायनानची गोष्ट

22 फेब्रुवारी 1972 च्या संध्याकाळी बीजिंगमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना मुद्दाम एक बॅले दाखवण्यात आला. यजमानपदी माओंची पत्नी ज्यांग छिंग, सोबतीला पंतप्रधान चाउ एन-लाय. रंगमंचावर राखाडी गणवेश आणि अर्ध्या चड्ड्या घातलेल्या मुली हातात बंदुका घेऊन, पायांच्या अंगठ्यांवर उभ्या राहून संचलन करत होत्या. बॅलेचे नाव ‘रेड डिटॅचमेंट ऑफ विमेन’, म्हणजे लाल सेनेतली स्त्रियांची पलटण. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, 1969 मध्ये, उसुरी नदीकाठी चिनी आणि सोव्हिएत सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या. रशियाचे नाव काढणेही तेव्हा अवघड. पाहुण्यांसमोर चीनची स्वतःची, क्रांतीने घडवलेली कला म्हणून जे नाचत होते, त्याचे पाय मात्र लेनिनग्राडच्या शिस्तीत तयार झालेले होते.

चीनच्या राष्ट्रीय बॅले कंपनीविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच चुकीवर उभी आहेत. पहिले मत असे: ही कंपनी म्हणजे सोव्हिएत संघाची उसनवारी, वर चिनी रेशीम आणि आत मॉस्को. दुसरे मत असे: 1960 मध्ये सोव्हिएत तज्ज्ञ परत गेले, 1964 मध्ये ‘पलटण’ आली, आणि त्या दिवसापासून चिनी बॅले स्वयंभू झाला, रशियाचे देणे फिटले. प्रभाव म्हणजे कर्ज, ते डोक्यावर असते किंवा फिटते, असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले आहे.

आधी पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ. त्याच्याकडे पुरावा भरपूर आहे, हे मान्य. बीजिंग नृत्यशाळा 1954 मध्ये सुरू झाली ती सोव्हिएत शिक्षकांना बोलावूनच. अभ्यासक्रम लेनिनग्राडच्या वागानोव्हा पद्धतीचा. 1958 मध्ये प्योत्र गुसेव्ह या सोव्हिएत शिक्षकाने तिथल्या विद्यार्थ्यांकडून अखंड ‘स्वान लेक’ बसवून घेतले. शाळा सुरू होऊन उणीपुरी चार वर्षे झालेली, आणि हंस झालेली नायिका ओडेट नाचली बाय शूश्यांग ही अजून विशीही न गाठलेली मुलगी. 1959 सरता सरता याच शाळेतून प्रायोगिक बॅले पथक निघाले. आजची राष्ट्रीय कंपनी त्याच पथकाची वाढ आहे.

पण ‘रशियन’ म्हणजे नेमके कोणाचे, हा प्रश्न हा पक्ष स्वतःला विचारत नाही. ‘स्वान लेक’ला आजचे रूप देणाऱ्या जोडीतला मारियुस पेतिपा हा मार्सेलचा फ्रेंच माणूस, 1847 मध्ये तो नोकरीसाठी पीटर्सबर्गला गेला आणि तिथलाच झाला. तिसऱ्या अंकातल्या ज्या 32 गिरक्यांसाठी प्रेक्षक आजही श्वास रोखून बसतात, त्या 1895 मध्ये घेतल्या पिएरिना लेन्यानीने, आणि ती इटालियन. पीटर्सबर्गच्या शाळेत ख्रिश्चन योहानसन हा स्वीडिश गुरू होता, एन्रिको चेकेत्ती हा इटालियन. आग्रिपिना वागानोव्हाने 1934 च्या पुस्तकात जी पद्धत बांधली, ती फ्रेंच डौल आणि इटालियन ताकद यांची मोट बांधूनच. रशियाने दुसऱ्यांचे घेऊन स्वतःचे केले तर ती परंपरा, आणि चीनने तेच केले तर नक्कल? पॅरिसमध्ये 1842 साली पेटंट झालेली हार्मोनियम गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली किती पॅरिसची उरली होती, हे मराठी रसिकाला सांगायला नको.

शिवाय वाट एकच नव्हती. बीजिंग शाळेच्या पहिल्या प्राचार्या दाय आयलियान यांचा जन्म त्रिनिदादचा आणि बॅलेचे शिक्षण लंडनचे. तिथे त्या अँटन डॉलिन यांच्याकडे शिकल्या. डॉलिन आयरिश रक्ताचे इंग्रज, पण त्यांची उमेदवारी गेली द्यागिलेव्हच्या रशियन बॅले मंडळीत. म्हणजे मॉस्कोचे विमान बीजिंगला उतरण्यापूर्वीच रशियन धागा लंडनमार्गे चीनमध्ये पोचला होता, आणि तो आणणाऱ्या बाईंचा जीव चीनच्या सीमाभागांतल्या लोकनृत्यांतही तितकाच गुंतलेला होता.

राहिला गुसेव्ह. सगळ्यांना हंस करून सोडणारा साहेबी मास्तर, असे त्याचे चित्र रंगवणे सोयीचे आहे. पण 1959 मध्ये याच गुसेव्हच्या मार्गदर्शनाखाली त्याच्या चिनी विद्यार्थ्यांनी ‘मत्स्यकन्या’ हे नृत्यनाट्य रचले. त्यात बॅले आणि चिनी अभिजात नृत्य यांची सांगड घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला. साधली की नाही, यावर वाद घाला; पण शिकवणाऱ्यानेच विद्यार्थ्यांना त्या वाटेवर लावले, हे नाकारून कसे चालेल?

आता दुसरा पक्ष. याला उत्तर द्यायला ‘पलटणी’ची श्रेयनामावलीच पुरेशी आहे. तीन प्रमुख नृत्यरचनाकारांपैकी ज्यांग झूह्वेई ही मॉस्कोच्या गितिस या नाट्यसंस्थेत शिकलेली. संगीतकारांपैकी वू झूच्यांग आणि डू मिंगशिन हे दोघे मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकून आलेले. आणि 1964 च्या पहिल्या प्रयोगात नायिका छ्युंगह्वा कोण नाचली? बाय शूश्यांग. सहा वर्षांपूर्वीची ओडेट! तेच गुडघे, तेच घोटे, सकाळच्या वर्गात बारला धरून घोटलेली तीच कवायत. जमीनदाराच्या कोठडीतून पळालेली गुलाम मुलगी उभी करायला तिला नवे पाय कोणी दिले नव्हते.

नवे होते ते वेगळ्या ठिकाणी. छ्युंगह्वाची गाजलेली मुद्रा पाहा. एक गुडघा वाकवलेला, दुसरा पाय मागे ताठ, आणि हे सगळे पायाच्या टोकावर. ही धनुर्धाऱ्याची बैठक चिनी ऑपेरातली. तिथे ती पाऊल जमिनीवर भक्कम रोवून घेतात. बॅलेच्या बुटात ती उचलली की तिचा तोल सगळा बदलतो. हात बॅलेसारखे गोल न राहता एकाची मूठ होते, आणि मान झटक्यात वळून नजर रोखली जाते. तिची उडी तर आणखी अवघड: हवेत असताना मागचा पाय असा उसळतो की पाऊल डोक्याला भिडावे. उडीचे नावही ऑपेराच्या परंपरेतून आलेले. पाठीची ती कमान आणि पायाची ती उंची वागानोव्हाच्या तालमीशिवाय रात्रीमागून रात्री जमणार नाही. आणि नुसत्या वागानोव्हाच्या तालमीतून अशी उडी कोणाला सुचणारही नाही. शिवाय बॅले बसवणारी मंडळी, ही गोष्ट जिथे घडते त्या हायनान बेटावर जाऊन राहिली, सैनिकांसोबत कवायत केली. तालीमखोलीत बसून बंदूक कशी धरतात ते कळत नाही.

कथेचा साचाही सोव्हिएतच आहे, आणि खरा विचार करायला लावते ती ही गोष्ट. 1927 मध्ये बोल्शॉयने ‘रेड पॉपी’ हा ग्लिएरच्या संगीताचा बॅले केला. त्यात चिनी बंदर, राबणारे हमाल, आणि त्यांचा कैवारी सोव्हिएत कप्तान. ताओ होआ ही चिनी नर्तकी कप्तानाला वाचवते आणि स्वतः मरते. पॉपी म्हणजे अफूचे फूल. पुढे चीनशी मैत्री झाल्यावर नाव बदलून ‘लाल फूल’ करावे लागले. आता ‘पलटण’ या आरशासमोर धरा. जुलमी जमीनदार आहे, पीडित स्त्री आहे, मार्ग दाखवणारा पक्षाचा माणूस आहे. पण कप्तान परदेशी नाही, आणि मरते ती बाई नव्हे. पक्षप्रतिनिधी हुंग छांगछिंग वडाखाली जाळला जातो, आणि त्याची जागा छ्युंगह्वा घेते. रशियन बॅलेने चीनची जी गोष्ट सांगितली होती, ती रशियन बॅलेच्याच व्याकरणात उलटी करून परत पाठवली गेली. रचनाकारांच्या मनात हे होते की नाही, याच्याशी कर्तव्य नाही. शेजारी ठेवून पाहिले की दिसते.

शुद्धतेचा आग्रह किती महाग पडतो, तेही याच कंपनीत दिसले. सांस्कृतिक क्रांतीत ‘स्वान लेक’ बाद झाले, ‘पलटण’ आदर्श कलाकृतींच्या यादीत गेली, आणि जिने दोन्ही भूमिका पहिल्यांदा केल्या ती बाय शूश्यांग मात्र संशयित ठरून अनेक वर्षे रंगमंचाबाहेर राहिली. या बॅलेच्या 1970 च्या चित्रपटात नायिका दुसरीच नर्तकी आहे. स्वयंभूपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

रशियन वारशाचे सगळेच गोड होते असे मात्र नाही. तीस ते पन्नासच्या दशकांतल्या सोव्हिएत नृत्यनाट्याने प्रत्येक भाव हावभावांनी समजावून सांगण्याची, खलनायक पाठ टेकेपर्यंत गोष्ट ताणण्याची खोड लावली. ‘पलटणी’त ती पुरेपूर आहे, जमीनदार रंगमंचावर येण्याआधीच तो दुष्ट असल्याचे कळून चुकते. टीका करायची तर ती या साच्यावर व्हावी. सकाळच्या वर्गावर तिचा रोख धरणे म्हणजे पाटी फोडून अक्षर सुधारायला निघणे.

साचा मोडता येतो, हे कंपनीने पुढे दाखवले. 1985 मध्ये रुडॉल्फ नुरेयेव्ह बीजिंगला आला आणि त्याने ‘डॉन किहोते’ बसवला. 1961 मध्ये पॅरिसमध्ये सोव्हिएत संघाला पाठ दाखवून निसटलेला हा माणूस, म्हणजे रशियन वारसा सरकारी पत्रिकेशिवायही चीनला पोचत होता. मग 2001 मध्ये झांग यीमौच्या दिग्दर्शनाखाली ‘रेज द रेड लँटर्न’ हा बॅले आला. त्यात पीकिंग ऑपेराचे गायक आहेत, बायका माजाँग हा सोंगट्यांचा खेळ खेळतात तोच नाच होतो, आणि शेवटी तीन पात्रांना काठ्यांनी मारण्याचा प्रसंग येतो तेव्हा एकही काठी अंगाला लागत नाही. लाल रंगात बुडवलेल्या काठ्या पांढऱ्या पडद्यावर आपटतात आणि पडदा भरत जातो. समजावून सांगणारा हावभाव इथे रचनाकारांनी काढून टाकला आहे. नर्तक मात्र त्याच शाळेच्या पठडीतले, आणि त्याच कंपनीच्या खेळांच्या यादीत ‘स्वान लेक’ही आहे.