येत्या दळणापासून चाळण बाजूला ठेवा

महाराष्ट्रातल्या सर्व घरांना, शाळांना, खानावळी चालवणाऱ्यांना आणि वारीच्या वाटेवर अन्नदान करणाऱ्या मंडळांना हे कळकळीचं आवाहन आहे.

शाळा सुरू होत आहेत, मुलांचे डबे पुन्हा भरले जाणार आहेत. आषाढी जवळ आली आहे आणि तिच्यामागून श्रावणाचे उपवास येतील. घरातल्या खाण्याच्या सवयी याच दिवसांत बसतात आणि मग वर्षभर मोडत नाहीत. म्हणून आत्ताच सांगायला हवं. आपल्या ताटातला चोथा, ज्याला डॉक्टर फायबर म्हणतात, फार कमी झाला आहे. त्याची किंमत आपली पोटं मोजत आहेत. तो परत आणायला औषध लागत नाही, महागडा डबा लागत नाही. घराघरात ठरवावं लागतं, एवढंच.

पोट साफ न होणं ही आपल्याकडे चारचौघांत न बोलण्याची गोष्ट. दवाखान्यात आलेला माणूस खोकला सांगतो, गुडघे सांगतो आणि उठता उठता हळूच म्हणतो, "डॉक्टर, जरा पोटाचंही काहीतरी द्या." बायका तर अनेकदा तेवढंही बोलत नाहीत. मग जाहिरातीतलं चूर्ण, रात्रीची गोळी, सकाळी चहावर चहा, नाहीतर तंबाखूची चिमूट. असं वर्षानुवर्षं चालतं. खडा होतो, कुंथावं लागतं, मूळव्याध वाढते, फिशरची चीर पडते आणि वेदनेच्या भीतीने माणूस संडासला जाणंच टाळतो. टाळलं की खडा आणखी कडक. या चक्रात अडकलेली माणसं प्रत्येक गल्लीत आहेत, आता लहान मुलंही आहेत. वयामुळे, औषधांमुळे किंवा थायरॉइडसारख्या आजारामुळेही बद्धकोष्ठता होते, पण बहुतेक घरांत पहिला तपास ताटाचाच करायला हवा.

तो आकड्यांनीच करू या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला आहे की दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या पोटात सुमारे ३० ग्रॅम फायबर जावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलेली किमान मर्यादा अशी : दहा वर्षांवरील प्रत्येकाला २५ ग्रॅम, सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना २१ ग्रॅम आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना १५ ग्रॅम.

आता शहरातला एक नेहमीचा दिवस घ्या. सकाळी चहा-बिस्किटं, मग पोहे. दुपारी भात, तुरीचं वरण, बटाट्याची भाजी. संध्याकाळी वडापाव. रात्री पुन्हा थोडा भात. अन्नघटकांच्या कोष्टकावरून बेरीज केली तर हे सगळं मिळून जेमतेम दहा-बारा ग्रॅम भरतं. पोट भरलेलं असतं, वजनही वाढत असतं, आणि आतड्याला मात्र गरजेच्या निम्म्याहून कमी मिळालेलं असतं.

याच कोष्टकात उत्तरही आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम फायबर असतं, बाजरीत आणि नाचणीत ११ च्या आसपास. कोंड्यासकट गव्हाच्या पिठातही ११. त्याच गव्हाचा मैदा केला की तीनही उरत नाही, आणि पांढऱ्या तांदळाची गत तीच. अख्ख्या मुगात १७, साल काढलेल्या मूगडाळीत ९. अख्ख्या हरभऱ्यात २५, हरभराडाळीत १५. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात फायबर नावालाच.

म्हणजे शेतातून जे आलं त्यात सगळं होतं. गिरणीत, कारखान्यात आणि आपल्या स्वयंपाकघरात आपण ते काढून टाकलं. दळून आणलेलं पीठ बारीक चाळणीने चाळायचं, कोंडा गोठ्यात किंवा कचऱ्यात टाकायचा आणि पोट अडलं की दुकानातून सालाचीच पूड विकत आणायची, हे आता थांबलं पाहिजे.

हा चोथा पोटात नेमकं काय करतो? आपल्या पाचकरसांना तो तोडता येत नाही, म्हणून तो मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो. गव्हाच्या कोंड्यातला, भाज्यांच्या दोऱ्यांतला भाग मळाला आकारमान देतो आणि पुढे सरकवतो. इसबगोल, जवस, भेंडी, पेरू, कडधान्यं यांतला विरघळणारा भाग पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मळ मऊ राहतो. आणि आतड्यातले कोट्यवधी जिवाणू यातल्या बऱ्याच भागावर जगतात. ते त्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच. चोथा नाही म्हणजे त्या पेशींची उपासमार, आणि ती आपल्याला जाणवतही नाही.

आयर्लंडमध्ये जन्मलेला डेनिस बर्किट हा सर्जन १९४० च्या दशकापासून युगांडात काम करत होता. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत नेहमी दिसणारे मोठ्या आतड्याचे विकार खेड्यातल्या आफ्रिकी माणसांत क्वचितच आढळतात, हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टिपलं. १९७२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी मोजमाप मांडलं : गावाकडचं चोथ्याचं अन्न खाणाऱ्यांचा मळ वजनाने कित्येक पट जास्त आणि अन्नाचा तोंडापासून शेवटपर्यंतचा प्रवास ब्रिटिशांच्या जवळपास निम्म्या वेळात पूर्ण होणारा. पुढच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासांनी त्यातल्या मुख्य गोष्टीला बळ दिलं आहे. भरपूर फायबर खाणाऱ्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी असतो.

आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. अमेरिकेतले वीस कृष्णवर्णीय नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातली वीस माणसं यांनी फक्त दोन आठवडे एकमेकांसारखं जेवण घेतलं. अमेरिकनांना चोथ्याचं, कमी चरबीचं अन्न मिळालं, आफ्रिकनांना मांस आणि चरबी जास्त, चोथा कमी. एवढ्या काळात अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट दुपटीहून जास्त वाढलं, अस्तराचा दाह कमी झाला. आफ्रिकनांच्या आतड्यात नेमकं उलट झालं. बिघडायला दोन आठवडे पुरतात आणि सुधारायलाही. म्हणून 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नका.

माझी विनंती चार आठवड्यांची आहे. दर आठवड्याला एकच बदल करा. एकदम सगळं केलं तर पोट फुगेल, वारा धरेल आणि तुम्ही कंटाळून सोडून द्याल.

पहिला आठवडा पिठाचा. धान्य नीट निवडून दळायला द्या आणि घरी आणल्यावर चाळू नका. खडा-किडा निघावा म्हणून चाळायचंच असेल तर मोठ्या भोकाची चाळण वापरा आणि वर उरलेला कोंडा परत पिठात मिसळा. एका वेळी ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी ठेवा. ज्वारी महाग पडते ही तक्रार खरी आहे. ज्यांना परवडत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. रेशनचा गहू कोंड्यासकट दळला तर चोथ्यात तो ज्वारीच्या मागे नाही. ज्यांना परवडते त्यांनी मात्र ज्वारी आवर्जून मागावी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी राज्यातलं ज्वारीचं क्षेत्र गेल्या चार दशकांत निम्म्याहून खाली आलं. गिऱ्हाईक मागेल तरच शेतकरी पेरेल.

दुसरा आठवडा कडधान्याचा. रोज एक वाटी उसळ : मटकी, मूग, हरभरा, चवळी, कुळीथ, वाल, जे घरात असेल ते. भिजवून, मोड आणून, नीट शिजवून. वरणाला कधी सालासकट मूगडाळ, कधी अख्खा मसूर घ्या.

तिसरा आठवडा भाजी-फळांचा. दोन्ही जेवणांत एक भाजी आणि एक कोशिंबीर. गवार, भेंडी, शेपू, मेथी, अंबाडी, चाकवत. पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, करटोली बाजारात येतात, त्या ओळखीच्या बाईकडून घ्या. दोडक्याच्या शिरा आणि साल टाकू नका, तीळ घालून चटणी करा. फळाचा रस काढू नका, फळ चावून खा. मोसमात पेरू असेल तर त्याच्या शंभर ग्रॅममध्ये आठ ग्रॅमच्या वर फायबर आहे.

चौथा आठवडा डब्याचा आणि उपवासाचा. मुलांच्या डब्यातून बिस्किटं आणि नूडल्स काढा. थालीपीठ, मेथीचे पराठे, चणे-फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेला मका द्या. उपवासाला साबुदाणाच हवा असं नाही. सालासकट उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि फळं घ्या. भगर मात्र स्वच्छ, ताजी घ्या आणि तिचं पीठ दळून साठवू नका.

महिन्याच्या शेवटी ताट असं दिसेल : ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतून बारा ग्रॅम, उसळीतून पाच, एका पेरूतून आठ, पालेभाजी आणि कोशिंबिरीतून पाच. झाले तीस. यात एकही वस्तू परदेशातून आणलेली नाही.

पाण्याशिवाय यातलं काहीच काम करणार नाही. चोथा वाढवला आणि पाणी तेवढंच ठेवलं तर मळ आणखी अडतो. इसबगोल घेणाऱ्यांनी तर भरपूर पाण्याबरोबरच घ्यावं, कोरडं कधीही गिळू नये, आणि इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवावं. सकाळी नाश्त्यानंतर आतड्याची हालचाल वाढते. मुलांना शाळेच्या घाईआधी तेवढी दहा मिनिटं मिळू द्या. कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटा पाट घ्या.

काही जणांनी मात्र स्वतःच्या मनाने चोथा वाढवू नये. आतड्याला अडथळा होऊन गेलेला आहे, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, आतड्याचा दीर्घ आजार आहे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पथ्य आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि शौचातून रक्त जात असेल, मळ डांबरासारखा काळा होत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, रक्त कमी भरत असेल किंवा पोटाची सवय अचानक बदलून काही आठवडे तशीच राहिली असेल, तर 'मूळव्याध असेल' म्हणून घरात बसू नका. तपासणी करून घ्या. मोठ्या आतड्याचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते. लाजेपायी गेलेले महिने परत मिळत नाहीत.

आता संस्थांना विनंती. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज २० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे, सहावी ते आठवीला ३० आणि ७५. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनो, ती भाजी खरोखर खिचडीत पडते का, ते जाऊन बघा. कॅन्टीन आणि खानावळवाल्यांनो, पोळीइतक्याच सहज भाकरी मिळू द्या. वारीतल्या अन्नदात्यांनो, बिस्किटांच्या पुड्यांऐवजी पिठलं-भाकरी, उसळ, गूळ-शेंगदाणे आणि केळी द्या. मैलोन्‌मैल चालणाऱ्या पोटाला त्याचीच गरज आहे.

आणि ग्रामपंचायती, नगरपालिका, शाळा, बाजार समित्या यांना खास सांगणं आहे. स्वच्छ, कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसलं की बाई दिवसभर पाणी पीत नाही आणि आलेली कळ दाबून ठेवते. शिक्षिका, कंडक्टर, ऊसतोडणी करणाऱ्या बाया, शाळेतल्या मुली, सगळ्यांची हीच कथा. त्यांना चोथा खा म्हणण्याआधी ती सोय करून देणं ही आपली जबाबदारी आहे.

दळणाचा डबा बहुतेक घरांतून याच आठवड्यात गिरणीत जाईल. पीठ घरी आलं की ते न चाळता परातीत घ्या, शेजारणीलाही सांगा, आणि आज रात्री झोपण्यापूर्वी दोन मुठी मटकी भिजत घाला.