पुठ्ठ्याचा डबा आणि मसूरचा फलाट



दुकानातली आगगाडी आपल्या खिशाला परवडत नाही. म्हणून यंदाच्या जयंतीला विहारातल्या मुलांकडून आम्ही रेल्वेचा डबाच करवून घेतला. १९०१ साली लहानगे बाबासाहेब भावाभाच्यांसोबत साताऱ्याहून मसूरला ज्या गाडीने गेले, त्या गाडीचा.

माप सोपे ठेवले. खऱ्या २० सेंटिमीटरला पुठ्ठ्यावर १ सेंटिमीटर. ४५ सेंटिमीटर उंचीचे बाक सव्वादोन सेंटिमीटरचे झाले. बाके जुन्या लग्नपत्रिकांची, फळ्या काड्यापेटीतल्या काड्यांच्या. रंग आधी द्यावा, चिकटवावे नंतर. बाके तळाला पक्की बसल्यावरच भिंती उभ्या कराव्यात. छत मात्र सुटे ठेवावे, नाहीतर आतली मेहनत दिसणार कशी?

डबा झाला तेव्हा एका मुलीने विचारले, “काका, फलाट कुठाय?” आम्ही गप्पच झालो. आगगाडी प्रथमच पाहणाऱ्या त्या पोरांचा आनंद मसूरच्या फलाटापर्यंतच टिकला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनीच ते लिहिले आहे. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा बैलगाडी मिळाली, पण हाकायची पोरांनी. गाडीवान शेजारून चालणार. रात्रभर पाणी मिळाले नाही, शिदोरी तशीच राहिली.

मग मुलांनी फलाट केला, बैलगाडीही केली. गाडीवान बाजूला, पायी.

पालकहो, मुलांना डबा जरूर करू द्या. पण फलाट गाळू नका.