कट्ट्यावरचा वाद थांबला तर

रणजी करंडकाचा विषय निघाला की आपल्या वर्ध्यात कोणत्याही कट्ट्यावर दोन पक्ष पडतात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की विदर्भाने तीनदा करंडक जिंकला तो असामान्य खेळाडूंच्या बळावर. २०१७-१८च्या अंतिम सामन्यात इंदूरला रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक केली. पुढच्या मोसमात चाळिशी ओलांडणाऱ्या वसीम जाफरने हजारावर धावा काढल्या. २०२४-२५मध्ये हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका मोसमातील बळींचा विक्रम केला. दुसरा पक्ष लगेच सरसावतो. जाफर मूळचा मुंबईचा, करुण नायर कर्नाटकचा; बाहेरच्या एकदोघांनी करंडक येत नसतो, सभोवती संघ उभा असावा लागतो. नागपूर रस्त्यावरच्या जामठ्याच्या मैदानात केरळविरुद्ध ३ बाद २४ अशी अवस्था असताना दानिश मालेवार नायरच्या साथीला उभा राहिला, १५३ धावा करून गेला, आणि अखेर पहिल्या डावातील अवघ्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आपल्याकडे आला. त्यातही गंमत अशी की २०१९च्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी ११ बळी घेणारा आदित्य सरवटे या वेळी केरळकडून खेळत होता. तो आपला की त्यांचा, यावर आणखी अर्धा तास सहज जातो.

घरच्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला तसे वाटत नाही. या अर्ध्या तासात मेंदूला किती कामे करावी लागतात ते पाहा. नावे आठवायची, आकडे जुळवायचे, समोरच्याचे वाक्य पूर्ण ऐकायचे, त्यातील कच्चा दुवा हेरायचा आणि आपली पाळी येईपर्यंत उत्तर मनात धरून ठेवायचे. तरुणपणीच्या आठवणी सहसा सर्वांत चिवट असतात. म्हणून आज पंचाहत्तरीत असलेल्यांना १९७१मधील वाडेकरांच्या संघाचा इंग्लंडमधील विजय कालच्या जेवणापेक्षा स्पष्ट आठवतो. त्यावर कोणाशी तरी भांडावे लागते, म्हणजे माणसांत जावे लागते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांवर उपाय करता येतील अशा चौदा गोष्टी सांगितल्या. एकाकीपणा त्यांत आहे, आणि ऐकू कमी येणेही आहे.

या दुसऱ्या गोष्टीकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. ‘‘डॉक्टर, बाबा हल्ली अगदी शांत झाले आहेत. कट्ट्यावर जात नाहीत, कोणाशी वाद नाही,’’ असे एक सूनबाई समाधानाने सांगत होत्या. सोबतचे सासरे सत्त्याहत्तर वर्षांचे. रक्तदाब, साखर दोन्ही आटोक्यात. मी त्यांच्या मागे उभा राहून हळू आवाजात मालेवारचे नाव घेतले. उत्तर आले नाही. समोर येऊन तेच विचारले, तेव्हा चेहरा उजळला. एका कानात मळ घट्ट बसला होता आणि दोन्ही कानांची शक्ती वयानुसार उतरली होती. चौघे एकदम बोलू लागले की त्यांना गलका ऐकू येई, शब्द कळत नसत. भलतेच उत्तर दिल्यावर दोनदा हशा झाला, त्यानंतर त्यांनी जाणे सोडले.

वार्धक्यातील बहिरेपण बहुधा असेच येते. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे स, श, फ, त ही व्यंजने पुसट होतात, बोलणे ऐकू येते पण उलगडत नाही. अशा वेळी काडी किंवा पिन कानात घालू नये. कान डॉक्टरांकडूनच स्वच्छ करून घ्यावा आणि श्रवणचाचणी करावी. यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही अंगावर येतो. मेंदूला सवय होण्यास वेळ लागतो, म्हणून ते कपाटात ठेवून देऊ नका. कट्ट्यावर बरा कान मंडळींकडे असावा.

अर्थात प्रत्येक शांततेचे कारण कानात नसते. आवडीच्या विषयातही दोन आठवड्यांहून अधिक काळ रस वाटत नसेल, झोप व भूक बिघडली असेल, तर नैराश्याचा विचार करावा. ‘वय झाले’ हे निदान नव्हे. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, झोपेच्या गोळ्या यांचीही तपासणी व्हावी. एकदोन दिवसांतच माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत गेला, तर जंतुसंसर्ग किंवा रक्तातील सोडियम कमी होणे यासारखी कारणे असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि बोलता बोलता जीभ अडखळली, तोंड वाकडे झाले किंवा एक हात खाली पडला, तर क्षणही न दवडता १०८ला फोन करा. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

स्मरणशक्ती खरोखरच ओसरू लागली असेल, तरीही वाद बंद करू नये. मात्र त्याची रीत बदलावी. स्कॉटलंडमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना एकत्र बसवून फुटबॉलच्या जुन्या छायाचित्रांवर बोलते करतात. आपल्याकडे क्रिकेट आहे. ‘‘हा कोण, ओळखा पाहू,’’ अशी परीक्षा घेऊ नका. ‘‘हे वाडेकर, बरं का,’’ असे आपणच सांगून सुरुवात करा. त्यांनी १९८३चा विश्वचषक वाडेकरांच्या नावावर टाकला तर टाकू द्या. कपिल देव काही रागावणार नाहीत.

हृदयविकार असलेल्यांसाठी एक सूचना. २००६च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचे सामने असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या घटना इतर दिवसांच्या अडीच पटींहून अधिक झाल्या, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका जास्त होता. तेव्हा चुरशीच्या सामन्याच्या दिवशी गोळ्या वेळेवर घ्याव्यात, जिभेखालची गोळी दिली असेल तर हाताशी ठेवावी, चिवडा-भजी बेताने खावी. छातीत दाब आला, घाम फुटला, तर षटक संपण्याची वाट पाहू नये.

एक गोष्ट मात्र मला खटकते. कट्टा हा पुरुषांचा. आजोबा गप्प झाले की चार मित्र विचारतात. आजी गप्प झाल्या तर ते कळायलाच महिने लागतात, कारण त्यांचे मत आधीही कोणी विचारलेले नसते. कान त्यांचेही उतरतात. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. मूळ संघात नसलेली, ऐनवेळी बोलावलेली शफाली वर्मा ८७ धावा करून सामनावीर ठरली. दीप्ती शर्माने अर्धशतक काढले, पाच बळी घेतले आणि मालिकावीराचा मान मिळवला. करंडक कोणामुळे आला, हे आज संध्याकाळी आजींना विचारा. आणि विचारताना त्यांच्या पाठीमागून विचारा.