खेळाचे नियम कोण करतो?

2020 च्या मार्चमध्ये देशभरातील शाळांना टाळी लागली आणि काही महिन्यांतच मध्यमवर्गीय घरांत एक नवी चिंता शिरली. सहा-सात वर्षांचे आपले मूल आज पासून प्रोग्रॅमिंग शिकले नाही, तर ते जगाच्या शर्यतीत कायमचे मागे पडेल, ही ती चिंता. ती आपोआप उपजली नव्हती. जाहिरातींनी ती पेरली होती. मुलांना ऑनलाइन वर्गांतून प्रोग्रॅमिंग शिकविणारी ‘व्हाइटहॅट ज्युनियर’ ही कंपनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘बायजूज’ने 30 कोटी डॉलरला विकत घेतली. ऑक्टोबरमध्ये जाहिरात मानक परिषदेच्या हस्तक्षेपानंतर तिला पाच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. नोव्हेंबरमध्ये तिच्या संस्थापकाने एका टीकाकारावर 20 कोटी रुपयांचा अब्रूनुकसानीचा दावा लावला. पुढील वर्षी तो मागेही घेतला. 2024 मध्ये तर ‘बायजूज’च्या मूळ कंपनीविरुद्धच दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. पालकांचे भय हेच ज्या धंद्याचे भांडवल, त्याची अखेर ही अशी.

यावरून आपल्या वर्तुळात एक सोपा निष्कर्ष काढला जातो. लहान मुलांना संगणक शिकविणे हेच मुळी भांडवलदारी थोतांड आहे, असे आपले अनेक साथी म्हणतात. एके काळी विमा व बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाला कडाडून विरोध केला होता. त्यामागील रोजगाराची धास्ती खोटी नव्हती. परंतु यंत्र आणि यंत्राचा मालक यांत भेद न करण्याची जी सवय तेव्हा आपल्याला जडली, ती अद्याप सुटलेली नाही. गिरणीमालक शोषण करतो म्हणून विणण्याची विद्या त्याज्य ठरत नाही.

किंबहुना या विद्येचा उगम पाहिला तर तो बाजारात नाही. 1967 मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा अमेरिकेत तयार झाली. तिच्या जनकांपैकी एक सेमूर पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, तरुणपणी वर्णद्वेषाविरुद्ध उभे राहिलेले आणि लंडनमध्ये समाजवादी मंडळींत वावरलेले गणितज्ञ. संगणकाने मुलाला चालवू नये, मुलाने संगणकाला चालवावे, हे त्यांचे सूत्र होते. ‘शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ’ ही आज्ञा चार वेळा दिली की पडद्यावरील कासव चौकोन काढते. चुकले तर मूल आज्ञा तपासते, दुरुस्त करते. येथे चूक हा गुन्हा नसून शिकण्याची पायरी असते. त्याच परंपरेतील ‘स्क्रॅच’ हे साधन 2007 पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. एकदा संगणकावर उतरवून घेतले की ते इंटरनेटवाचूनही चालते.

त्यात मूल खेळ कसा रचते ते पाहावे. झाडावरून आंबे पडत आहेत, खाली टोपली सरकते आहे. आंबा किती वेगाने पडावा? टोपलीत पडला तर किती गुण? चुकला तर डाव संपावा, की आणखी एक संधी मिळावी? हे सारे मुलालाच ठरवावे लागते. एकट्याने जिंकता येऊ नये, दोघांनी मिळूनच टोपली भरावी, असा नियमही ते करू शकते. दुसऱ्याचे खेळ तासन्‌तास खेळणाऱ्या मुलाला नियम निसर्गदत्त वाटतात. स्वतः खेळ रचणाऱ्याला कळते की नियम कोणीतरी केलेले असतात, त्यांत कोणाचा तरी लाभ दडलेला असतो आणि ते बदलता येतात. समाजवादी शिक्षणाची याहून चांगली बाराखडी कोणती? कंपनीच्या वर्गाने नेमका हा गाभा गाळला आणि नोकरीचे स्वप्न तेवढे विकले.

खरा प्रश्न आहे तो ही बाराखडी कोणाच्या मुलांना मिळते, हा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या फेरीनुसार देशातील अवघ्या 10.7 टक्के कुटुंबांकडे संगणक होता. ग्रामीण भागात हे प्रमाण 4.4 टक्के होते. घरात एकच मोबाइल आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाणार, अशा घरातील मुलीला ‘ऑनलाइन’ शब्दाचा अर्थ काय? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व इयत्तांत कोडिंग शिकविण्याचे आश्वासन दिले आहे. शिक्षक, यंत्र आणि वीज यांची तरतूद नसेल तर ते आश्वासन म्हणजे खाजगी वर्गांना दिलेले आमंत्रणच ठरते.

दुसरा मार्ग नाही असे मात्र नाही. केरळने 2001 पासून सरकारी शाळांत संगणकशिक्षणाचा प्रकल्प चालविला, मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरला आणि 2018 मध्ये माध्यमिक शाळांत ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थिमंडळे उभारली. तेथे मुले शाळेतील यंत्रांवरच खेळ व चलच्चित्रे रचतात. 2020 च्या जूनमध्ये शाळा बंद असताना त्या राज्याने दूरचित्रवाणीवरून पाठ दिले आणि ज्यांच्या घरी संच नव्हता त्यांच्यासाठी वाचनालयांसारख्या सार्वजनिक जागांत सोय केली. उणिवा तेथेही राहिल्या; पण जबाबदारी सरकारने आपली मानली, हे महत्त्वाचे.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, तेव्हा अक्षरज्ञान ही मूठभरांची मिरास होती. आज संगणकाची भाषा त्याच वाटेने जात आहे. म्हणून जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या प्रत्येक शाळेत चालू स्थितीतील यंत्रे आणि शिकविणारा कायम शिक्षक, ही आपली मागणी असली पाहिजे. आणि मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. वस्तीतील वाचनालयात चार जुने संगणक, शनिवारची दुपार आणि ही विद्या अवगत असलेला एखादा तरुण साथी, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. आपल्या मुलांनी दुसऱ्यांनी मांडलेले डाव किती काळ खेळत राहावयाचे, याचा निर्णय अखेर आपणच करावयाचा आहे.